शिक्का एकदा, शिक्षा जन्मभर?

केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईने लिहिलेले असते, 'पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी'. कोणी लिहिले, कधी लिहिले, कशावरून लिहिले, हे कोणी विचारीत नाही. रुग्णही विचारीत नाही. आई सांगायची, लहानपणी सुई दिल्यावर अंगावर पुरळ उठले होते. एवढ्या पुराव्यावर माणूस जन्मभर एका औषधाला मुकतो. चौकशीवाचून शिक्षा नाही, हे तत्त्व आम्ही कोर्टात रोज मांडतो. मग ते दवाखान्यात का लागू होऊ नये?

पाश्चात्त्य देशांत शंभरातील सुमारे १० जणांच्या कागदावर हा शिक्का आढळतो. पण अशांची रीतसर तपासणी केली, तेव्हा ९० टक्क्यांहून अधिक लोकांना पेनिसिलिन बिनदिक्कत चालले. कारणे साधी आहेत. विषाणूच्या तापातही मुलांच्या अंगावर पुरळ उठते आणि दोष औषधावर जातो. मळमळ, जुलाब हे औषधाचे त्रास आहेत, अ‍ॅलर्जी नव्हे. शिवाय खरी अ‍ॅलर्जीही ओसरते. ५ वर्षांत सुमारे निम्म्या लोकांची आणि १० वर्षांत सुमारे ८० टक्के लोकांची ती नाहीशी होते. कागदावरचा शिक्का मात्र तसाच राहतो.

याची सर्वाधिक किंमत कोण मोजतो? पेनिसिलिन हे गरिबाचे औषध आहे. ते देशात स्वस्त मिळावे म्हणूनच १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. दाटीवाटीच्या घरांत घशाच्या संसर्गातून ऱ्हुमॅटिक ताप येतो आणि हृदयाच्या झडपा निकामी करतो. तो उलटू नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचेच इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. गर्भवतीला सिफिलिस असेल तर पोटातल्या बाळालाही वाचवणारे खात्रीचे औषध हेच. शिक्का बसला की पर्याय शोधावे लागतात. ते अनेकदा महाग असतात आणि काही आजारांत कमी गुणकारी ठरतात. ब्रिटनमधील नोंदींवरून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, असा शिक्का असलेल्यांना औषधांना न जुमानणाऱ्या एमआरएसए जंतूचा धोका ६९ टक्क्यांनी जास्त आढळला.

तपासणी कशी होते, हे आपल्या लोकांनी समजून घेतले पाहिजे. तज्ज्ञ आधी सगळी हकीकत विचारतात. मग त्वचेवर औषधाचा थेंब ठेवून टोचतात, नंतर त्वचेत अल्प मात्रा देतात आणि १५-२० मिनिटांनी गांध उठली का ते पाहतात. शेजारी नुसत्या सलाईनचा थेंबही टोचतात, म्हणजे तुलना होते. त्या जागेची नुसती लाली म्हणजे अ‍ॅलर्जी नव्हे! त्वचेवर काही उठले नाही, तर डॉक्टरांच्या नजरेखाली तोंडाने औषध देतात. खरा निकाल तिथे लागतो. कमी धोक्याच्या रुग्णांना थेट तोंडी मात्रा देऊन पाहिल्याचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील ३७७ जणांत, थेट मात्रा घेणारा गट असो वा आधी त्वचा-तपासणी झालेला गट, प्रत्येकी एकालाच अ‍ॅलर्जी निघाली.

एकदा केलेली तपासणी हाही कायमचा निकाल नव्हे. तीव्र प्रतिक्रियेनंतर चार-सहा आठवड्यांच्या आत केलेली तपासणी खोटी 'निर्दोष' येऊ शकते. सर्दी-खाजेच्या गोळ्या चालू असतील तरीही तेच होते. अशा वेळी पुन्हा तपासणी हवी. आज अ‍ॅलर्जी निघाली, तरी काही वर्षांनी पुन्हा पाहावे. न्यायालयाच्या निकालालाही अपील असते, मग तपासणीच्या निकालाला का नसावे?

मात्र हा प्रयोग घरी कोणीही करू नये. श्वास अडकला होता, रक्तदाब पडला होता, त्यांची तपासणी आणीबाणीची सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावी. औषधाने कातडी सोलली होती, तोंडात-डोळ्यांत फोड आले होते, अशांना ते औषध पुन्हा देऊन पाहायचे नाही. तिथे शिक्का खराच आहे, तो जपला पाहिजे.

मग करायचे काय? कोणत्या औषधाने, किती वेळात, काय झाले, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. तपासणी निर्दोष आली तर तसे लेखी घ्या आणि जुन्या कागदावरचा शेरा खोडायला लावा. जिल्हा रुग्णालयांत ही तपासणी मिळावी, अशी मागणी संघटनांनी लावून धरावी. जगण्याच्या हक्कात आरोग्यसेवा येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच सांगितले आहे. स्वस्त औषध हाताशी असताना, न तपासलेल्या एका शेऱ्यापायी ते नाकारले जात असेल, तर आपण गप्प का बसावे? आपल्या घरातले केसपेपर आजच काढा आणि तो शेरा कशावरून लिहिला, हे विचारा.