माहितीपुस्तिकेचा वेष आणि वाचकाची सोय

घरांत शिवणयंत्र आलें किंवा विजेचा पंखा आला कीं त्याच्याबरोबर एक लहानशी पुस्तिका येते. यंत्र सुरळीत चालत असेपर्यंत तिच्याकडे कोणी फिरकत नाहीं. यंत्र अडलें म्हणजे मात्र साऱ्या घराची नजर तिच्यावर खिळते. आणि त्या वेळीं ती किती विद्वत्तेनें लिहिली आहे हें कोणी पाहात नाहीं, हवें तें पान झटकन सांपडतें कीं नाहीं एवढेंच पाहिलें जातें. संगणकाच्या सॉफ्टवेअरलाहि अशाच पुस्तिका असतात. फरक इतकाच कीं, त्या बहुधा कागदावर न छापतां संकेतस्थळाच्या रूपानें पडद्यावर वाचावयास मिळतात, आणि मोठ्या सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेचीं पानें हजारांनीं मोजावीं लागतात. पेढीचा किंवा रुग्णालयाचा संगणक अडला, तर तो दुरुस्त करणारा मनुष्य याच पानांकडे धांव घेतो. तीं पानें लिहिणें हा एक उद्योग. त्यांना योग्य वेष देणें हा दुसरा. या दुसऱ्या उद्योगाचा विचार येथें करावयाचा आहे.

छापखान्याचें काम ज्यांनीं जवळून पाहिलें आहे, त्यांना या दोहोंतला भेद निराळा सांगावयास नको. लेखक आपल्या हस्तलिखितांत ‘हें शीर्षक’, ‘ही टीप’ एवढ्या खुणा करतो. शीर्षक किती मोठ्या टाइपांत लावावयाचें आणि समास किती सोडावयाचा, हें छापखान्यांत ठरतें. सॉफ्टवेअरच्या पुस्तिकांनाहि हीच रीत लागू आहे. लेखक साध्या मजकुराच्या फायलींत कांहीं ठराविक खुणा करून लिहितो. मग एक आज्ञावली त्या फायली वाचते आणि त्यांतून संकेतस्थळाचीं पानें बांधून देते. अशा आज्ञावलींपैकीं स्फिंक्स ही एक प्रसिद्ध आज्ञावली होय. गेऑर्ग ब्रांड्ल यांनीं ती पायथन या संगणकभाषेच्या पुस्तिकेसाठीं रचली, आणि २००८ च्या मार्चमध्यें ती सर्वांस खुली झाली. पुढें २००९ मध्यें तिच्या ०.६ या आवृत्तींत ‘थीम’ ही सोय आली. थीम म्हणजे साऱ्या पानांचा मिळून एक वेष. मजकुराच्या एकाहि अक्षरास हात न लावतां तो उतरवितां येतो आणि दुसरा चढवितां येतो.

या वेषाचे मुख्यतः तीन भाग असतात. पहिला भाग सांच्यांचा: पानावर मथळा कोठें, अनुक्रमणिका कोठें, मागील व पुढील पानाचे दुवे कोठें, हें ते सांचे ठरवितात. दुसरा भाग शैलीपत्रकांचा: अक्षराचें वळण व आकार, रंग, ओळींतलें अंतर, स्तंभाची रुंदी हीं सारीं त्यांत नमूद असतात. तिसरा भाग लहान लहान आज्ञावलींचा: अनुक्रमणिकेच्या शाखा मिटणें-उघडणें यांसारखीं कामें त्या करतात. थीम रचणारा कारागीर हे तिन्ही भाग एकत्र बांधून देतो, आणि वापरणाऱ्यासाठीं मोजक्याच खुंट्या बाहेर ठेवतो. रेडिओच्या पेटींत तारांचें कितीहि जाळें असलें, तरी ऐकणाऱ्याच्या हातीं दोन-तीनच खुंट्या असतात, तसाच हा प्रकार आहे.

स्फिंक्समध्यें या खुंट्या ‘कॉन्फ डॉट पीवाय’ नांवाच्या एकाच फायलींत असतात. तेथें ‘एचटीएमएल थीम’ या नोंदीपुढें थीमचें नांव लिहावयाचें. कांहींच लिहिलें नाहीं, तर ‘अलॅबास्टर’ ही थीम आपोआप लागते. २०१५ सालच्या १.३ या आवृत्तीपासून हा प्रघात आहे. ‘एचटीएमएल थीम ऑप्शन्स’ ही दुसरी नोंद. तींत त्या विशिष्ट थीमनें देऊं केलेल्या निवडी लिहावयाच्या. येथें एक खबरदारी घ्यावी लागते. एका थीमची निवड दुसरीला ठाऊक असतेच असें नाहीं. ठाऊक नसलेली किंवा चुकीच्या वर्णांनीं लिहिलेली निवड आढळली, तर स्फिंक्स काम थांबवीत नाहीं. ती केवळ एक इशारा छापते आणि पुढें जाते. हा इशारा वाचला नाहीं, तर खुंटी फिरवूनहि आवाज कां बदलत नाहीं याचें कोडें उलगडत नाहीं. बांधणीच्या आज्ञेस आडव्या रेघेसह मोठें ‘डब्ल्यू’ हें अक्षर जोडलें म्हणजे असा प्रत्येक इशारा चूक मानला जातो, आणि ती दुरुस्त केल्यावांचून बांधणी यशस्वी ठरत नाहीं. मोठ्या कामांत ही शिस्त फार उपयोगीं पडते.

मजकूर आणि वेष वेगळे ठेवल्यानें काय साधतें, याचें उत्तम उदाहरण लिनक्सच्या गाभ्याच्या पुस्तिकेचें आहे. लिनक्सचा गाभा म्हणजे जगांतील असंख्य संगणकांच्या व दूरध्वनींच्या मुळाशीं चालणारी आज्ञावली. तिची पुस्तिका २०१६ पासून स्फिंक्सच्या साहाय्यानें बांधली जाते, आणि तींत हजारों फायली आहेत. बरींच वर्षें ती ‘रीड द डॉक्स’ या नांवाच्या थीममध्यें दिसत असे. पुढें त्या पुस्तिकेचे व्यवस्थापक जोनाथन कॉर्बेट यांनीं नेहमींची थीम म्हणून अलॅबास्टर सुचविली. कारणें साधीं होतीं: जुन्या थीममध्यें डाव्या स्तंभावर मनाजोगा ताबा ठेवतां येत नसे, उलट अलॅबास्टर स्फिंक्सबरोबरच येत असल्यामुळें निराळी आणून बसवावी लागत नसे. २०२३ च्या फेब्रुवारींत निघालेल्या ६.२ या आवृत्तीपासून हा बदल अमलांत आला. ज्यांना जुनाच वेष हवा असेल, त्यांच्यासाठीं बांधणीच्या वेळीं थीमचें नांव निराळें सांगण्याची मुभाहि राखली गेली. ज्या हजारों फायलींवर अनेक लोकांनीं वर्षानुवर्षें श्रम केले होते, त्या पुन्हां लिहाव्या लागल्या नाहींत. बदल झाला तो मुख्यतः जुळवणीच्या फायलींत.

त्या पुस्तिकेसाठीं अलॅबास्टरच्या कोणत्या खुंट्या कशा फिरविल्या, हें पाहण्यासारखें आहे. अलॅबास्टरमध्यें पानाची रुंदी मुळांत ९४० पिक्सेल, बाजूच्या स्तंभाची २२० पिक्सेल आणि अक्षराचें माप १७ पिक्सेल असें ठरलेलें असतें. लिनक्सच्या पुस्तिकेंत पानाची रुंदी ६५ ‘एम’ व स्तंभाची १५ ‘एम’ ठरविण्यांत आली. ‘एम’ हें माप अक्षराच्या आकारावर अवलंबून असतें. अक्षर मोठें झालें कीं रुंदीहि त्या प्रमाणांत वाढते. अक्षराच्या मापापुढें तर आंकडा न घालतां, वाचकाच्या संगणकावर जें माप असेल तेंच घ्यावें, असें लिहिलें गेलें. वरवर पाहतां ही बाब क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याची दृष्टि उतारवयानें मंदावली आहे, त्यानें आपल्या संगणकावर अक्षरें मोठीं करून ठेवलेलीं असतात. पुस्तिकेनें त्यावर १७ पिक्सेलचा हट्ट धरला, तर त्याची ती सोय हिरावली जाते. शिवाय बाजूचा स्तंभ जागींच स्थिर राहील अशी निवड केलेली असल्यामुळें लांब पान वाचतांना मजकूर सरकला तरी अनुक्रमणिका नजरेसमोर राहते.

अनुक्रमणिकेविषयीं आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. ‘रीड द डॉक्स’ थीममध्यें अनुक्रमणिकेच्या शाखा किती पातळ्यांपर्यंत दाखवावयाच्या याची एक निवड असते. ती मुळांत ४ असते. चालू पानाशीं संबंध नसलेल्या शाखा मिटलेल्या ठेवाव्यात, अशी दुसरी निवड असते. तीहि मुळांत चालू असते. सर्व शाखा उघड्या असाव्यात म्हणजे वाचकास बरें, असें प्रथमदर्शनीं कोणासहि वाटतें. पण तसें केलें म्हणजे ती सारी अनुक्रमणिका प्रत्येक पानांत लिहिली जाते. पुस्तिकेचीं पानें १,००० असतील आणि प्रत्येकाची एकच नोंद धरली, तरी १,००० नोंदी १,००० वेळां, म्हणजे १० लाख नोंदी लिहिल्या जातात. बांधणीस वेळ लागतो, पानें जड होतात, आणि मंद जोडणीवर बसलेला वाचक रिकाम्या पडद्याकडे पाहात राहतो. लहान पुस्तिकेस जें भूषण, तेंच मोठ्या पुस्तिकेस ओझें होतें. म्हणून खुंटी फिरविण्यापूर्वीं पुस्तिकेचा आकार पाहणें हें शहाणपणाचें आहे.

थीमनें ठेवलेल्या खुंट्या पुरल्या नाहींत, म्हणजे थीमच्या मूळ फायली उघडून त्यांतच फेरफार करण्याचा मोह होतो. हा मार्ग घातक आहे. थीमची नवी आवृत्ति बसविली कीं ते फेरफार पुसले जातात, आणि काय बदललें होतें याची नोंदहि मागें राहात नाहीं. भाड्याच्या घराची भिंत फोडून कपाट करण्याऐवजीं स्वतःचें कपाट आणून ठेवावें, तसा येथें दुसरा मार्ग आहे. आपलें लहानसें शैलीपत्रक निराळ्या फोल्डरमध्यें ठेवावें, आणि त्या फोल्डरचें व पत्रकाचें नांव ‘कॉन्फ डॉट पीवाय’ मध्यें नोंदवावें. हें पत्रक थीमच्या पत्रकानंतर वाचलें जातें. म्हणून सारख्याच वजनाचे दोन नियम एकमेकांविरुद्ध आले, तर मागाहून आलेला नियम चालतो. सांच्यांच्या बाबतींतहि अशीच तरतूद आहे. तरी हे स्वतःचे फेरफार जितके थोडे तितके बरे. कारण थीमच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर ते पुन्हां तपासावे लागतात. थीमची कोणती आवृत्ति वापरली आहे हें लिहून ठेवून तीच बांधणीसाठीं निश्चित करावी, म्हणजे एखाद्या सकाळीं सारीं पानें अकस्मात् विस्कटलेलीं दिसत नाहींत.

रंगांची निवड करतांना स्वतःच्या आवडीपेक्षां दुसऱ्याच्या डोळ्यांचा विचार अधिक करावा. संकेतस्थळें सर्वांस वाचतां यावींत यासाठीं २००८ सालीं जे आंतरराष्ट्रीय दंडक प्रसिद्ध झाले, त्यांत साध्या मजकुराचा रंग व पार्श्वभूमि यांच्या उजळपणाचें प्रमाण निदान ४.५ स १ आणि मोठ्या अक्षरांसाठीं निदान ३ स १ असावें असें सांगितलें आहे. पांढऱ्यावर फिकट करडीं अक्षरें नाजूक दिसतात खरीं; पण दुपारच्या उजेडांत तीं वाचूं पाहणाऱ्याचे डोळे शिणतात. तसेंच धोक्याची सूचना केवळ तांबड्या रंगानें दाखवूं नये. ज्यांना तांबडा-हिरवा भेद कळत नाहीं, त्यांच्यासाठीं ‘सावधान’ हा शब्दहि लिहावा.

मराठींत अशी पुस्तिका करावयाची झाल्यास आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. बहुतेक थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून रचलेल्या असतात. देवनागरींत अक्षराच्या वर वेलांटी व मात्रा आणि खालीं उकार असल्यामुळें ओळींतलें अंतर थोडें वाढवावें लागतें. नाहीं तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेस भिडतो. टाइपहि देवनागरीचा स्पष्ट नेमावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनें रचलेला ‘मुक्त’ हा टाइप कोणासहि विनामूल्य वापरतां येतो. दुसरी गोष्ट भाषेच्या नोंदीची. ‘कॉन्फ डॉट पीवाय’ मध्यें भाषा मराठी असल्याचें नमूद केलें म्हणजे ती खूण प्रत्येक पानांत उतरते. अंध वाचकांसाठीं मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या आज्ञावली याच खुणेवरून कोणत्या भाषेच्या आवाजांत वाचावयाचें हें ठरवितात. नोंद राहून गेली, तर मराठी मजकूर भलत्याच भाषेच्या उच्चारांनीं वाचला जाण्याचा संभव असतो.

सर्व खुंट्या जुळविल्यावर एक परीक्षा अवश्य घ्यावी. ज्यानें ती पुस्तिका बांधलेली नाहीं, अशा मनुष्यास एखादी नेमकी अडचण सांगावी आणि तिचें उत्तर शोधावयास लावावें; एकदां मोठ्या पडद्यावर आणि एकदां हातांतील दूरध्वनीवर. तो कोठें अडखळतो, कोठें मागें फिरतो, हें त्याला मदत न करतां पाहावें. त्याला उत्तर सहज सांपडलें आणि पानाच्या वेषाकडे त्याचें लक्षहि गेलें नाहीं, तर जुळवणी साधली असें समजावें. पानें सुंदर असल्याबद्दल त्यानें प्रशंसा केली, पण उत्तर सांपडलें नाहीं, तर पुन्हां खुंट्यांकडे वळावें. कारण वेष कितीहि उंची असला, तरी अडल्या वेळीं हवें तें पान हातीं लागलें नाहीं, तर तें लिहिण्याचे सारे श्रम वाया गेल्यासारखेच होत.