अंगणातले कासव



पावसाळ्यात तेरेखोल नदी फुगली आणि तिचे पाणी बांद्याच्या बाजारपेठेत शिरले की तिथल्या मुलांना घरी बसावे लागते. २०२० साली करोनाच्या साथीत तर देशभरातल्या मुलांची शाळा घरीच भरली. शिवाय मुलांना शाळेत न घालता पहिल्यापासून घरीच शिकवणारे पालकही काही ठिकाणी आहेत. अशा घरी शिकणाऱ्या सात-आठ वर्षांच्या भावंडाला संगणकाची आज्ञावली लिहायला शिकवायचे झाले, तर सुरुवात कोठून कराल? वीज गेलेली असली तरी अडत नाही. मोकळे अंगण किंवा लांबरुंद पडवी, एक पुठ्ठा आणि ते भावंड, एवढे पुरे.

आज्ञावली म्हणजे काय?

आई म्हणते, "जरा दुकानातून मीठ आण." किती आणायचे, पैसे कुठले घ्यायचे, हे तुम्ही न सांगता समजून घेता. संगणकाला अशी समजूत नसते. त्याला एकेक लहान आज्ञा नेमक्या क्रमाने द्यावी लागते. अशा आज्ञांच्या मालिकेला आज्ञावली म्हणतात.

आता खेळ. पुठ्ठ्यावर घड्याळाची तबकडी काढा. तुम्ही व्हा कासव; आज्ञा देईल धाकटे भावंड. कासवाला दोनच आज्ञा कळतात. 'पुढे ५' म्हणजे नाकासमोर पाच पावले चाला. 'उजवीकडे ३' म्हणजे तबकडी पायाशी ठेवा, १२ चा आकडा नाकासमोर धरा आणि ३ च्या आकड्याकडे तोंड करून वळा. पूर्ण वर्तुळाचे ३६० अंश आणि तबकडीवर घरे १२; म्हणून एक घर म्हणजे ३० अंश आणि तीन घरे म्हणजे काटकोन.

'पुढे ५, उजवीकडे ३' ही जोडी चार वेळा दिली की कासव चौरस चालून मूळ जागी येते. चालता चालता खडूने रेघ ओढा, म्हणजे आकृती दिसेल.

चूक कोणी दाखवायची?

यानंतर भावंडाला तीन समान बाजूंचा त्रिकोण काढायला सांगा. चौरसाचा कोन ९० अंशांचा होता आणि वळणही ९० अंशांचे. मग त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, तेव्हा वळणही ६० अंशांचे, म्हणजे दोन घरांचे, असे तुम्हालाही वाटेल. तीन वेळा 'पुढे ५, उजवीकडे २' करून पाहा. कासव सुरुवातीच्या जागेपासून दहा पावले दूर उभे राहील आणि त्याचे तोंड अगदी उलट दिशेला असेल!

इथे बरोबर उत्तर सांगण्याचा मोह आवरा. फक्त विचारा : कासव आता कुठे आहे? त्याचे तोंड कोणीकडे आहे? ते कोपऱ्यावर किती वळले? त्याच आज्ञा आणखी तीन वेळा दिल्या तर षट्कोन पुरा होतो. म्हणजे आज्ञा वाया गेल्या नाहीत. त्यांनी दुसरीच आकृती काढली. कासव वळते ते आकृतीच्या बाहेरच्या कोनातून. त्रिकोणासाठी तो १८० वजा ६०, म्हणजे १२० अंश. तबकडीवरची चार घरे. बहिर्कोनांची बेरीज ३६० अंश असते हा तुमच्या भूमितीच्या पुस्तकातला नियम, लहान मूल आठव्या वर्षी पायांनी शिकते.

घरी शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने याचे मोल मोठे आहे. त्याची आईच शिक्षिका आणि तीच परीक्षक. प्रत्येक चूक तिनेच दाखवली, तर मूल गणिताऐवजी तिच्या चेहऱ्याकडे पाहू लागते. कासव रागावत नाही आणि शाबासकीही देत नाही. सांगितले तेवढेच ते करते आणि चूक मुलाची त्यालाच सापडते.

कासवाची भाषा

ही कल्पना जुनी आहे. १९६७ साली अमेरिकेत सेमूर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फोयरझाइग यांनी मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा तयार केली. पुढे जमिनीवर फिरून पेनाने रेघ ओढणारे यंत्र-कासव तिच्या आज्ञांवर चालू लागले. मग ते पडद्यावर आले. मुलांनी स्वतः कासव होऊन चालून पाहावे आणि मगच आज्ञा लिहाव्यात, असा पॅपर्ट यांचा आग्रह असे.

महाराष्ट्रातही हे कासव पोचले. २००७ साली कर्जतजवळच्या खैरात येथील लहानशा शाळेत मुलांना हिरवे-पांढरे छोटे संगणक मिळाले. त्या संगणकांसाठी केलेल्या आज्ञावल्यांत 'टर्टल आर्ट' हे लोगोचेच भावंड होते. आज 'पायथन' ही भाषा संगणकावर विनामूल्य घेता येते आणि तिच्यातही कासव आहे. तिथे तबकडी लागत नाही, वळण सरळ अंशांत द्यायचे.

करून पाहा

१. पंचकोनासाठी कासवाने दर वेळी किती अंश वळावे? तबकडीवर हे वळण का नेमके दाखवता येत नाही?

२. कागदावर 'पुढे ५ सेंटिमीटर, उजवीकडे १४४ अंश' पाच वेळा करा. कोणती आकृती मिळते? कासव एकूण किती वेळा स्वतःभोवती फिरले?

उत्तर कोणाला विचारू नका. कासव सांगेल.