आज पास, उद्या नापास!

दात ठणकतोय म्हणून तुम्ही डेंटिस्टकडे जाता आणि खुर्चीत बसल्याबरोबर दुखणं गायब! घरी आलात की पुन्हा सुरू. सॉफ्टवेअरवाल्यांचंही असंच एक दुखणं आहे. नाव, 'फ्लेकी टेस्ट'.

फंडा सोपा आहे. प्रोग्रॅममध्ये कुणी बदल केला की काही बिघडलं तर नाही ना, हे बघायला ढीगभर चाचण्या आपोआप धावतात. सगळं हिरवं दिसलं की निश्चिंत. पण काही टेस्ट्स महालहरी! कोडची एक ओळही बदललेली नसताना सकाळी पास, दुपारी फेल. गूगलने २०१६मध्ये स्वतःच सांगितलं होतं, की त्यांच्या जवळपास १६ टक्के टेस्ट्समध्ये थोडाफार लहरीपणा आहे.

मग लोक काय करतात? 'परत रन कर, होईल पास,' म्हणून चहाला जातात. खरा धोका इथेच आहे. 'लांडगा आला रे आला'ची गोष्ट आठवतेय ना? रोज खोटी ओरड ऐकली की खऱ्या लांडग्याकडेही कुणी बघत नाही. आणि खरा बग थेट तुमच्या-आमच्या कम्प्युटरवर!

फायरफॉक्स ब्राउझरचंच घ्या. ओपन सोर्स, म्हणजे जगातला कुणीही त्यात सुधारणा पाठवू शकतो. तिथे फेल झालेली टेस्ट नारिंगी रंगात दिसते. पहिल्यांदाच कोड पाठवणाऱ्या बिचाऱ्याला प्रश्न पडतो, 'ही माझी चूक, की टेस्टचा मूड?' या डोकेदुखीविरुद्ध मोझिलाच्या मंडळींनी चक्क 'वॉर ऑन ऑरेंज' पुकारलं होतं.

संशयित कोण? अपाचेच्या ५१ ओपन सोर्स प्रोजेक्ट्समधल्या दुरुस्त्या तपासणाऱ्या २०१४च्या एका अभ्यासात तीन नावं पुढे आली. पहिला, साधारण ४५ टक्के केसेसमधला आरोपी म्हणजे चुकीचं थांबणं. टेस्ट बटण दाबते, अर्धा सेकंद थांबते आणि उत्तर शोधते. मशीन बिझी असलं की उत्तर उशिरा येतं, टेस्ट फेल! दुसरा, एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांची धक्काबुक्की. तिसरा, टेस्ट्सचा क्रम. आधीची टेस्ट सेटिंग बदलून तशीच निघून जाते, पॅन्ट्रीत मग न धुता ठेवणाऱ्या सहकाऱ्यासारखी. निस्तरायचं पुढच्याने!

पण चोर हाती लागणार कसा? एकच टेस्ट शंभरदा चालवा. एकटी चालवा, मग क्रम उलटा करून चालवा. एकटी असताना कायम पास आणि घोळक्यात फेल, तर संशय तिसऱ्यावर. तरीही सापडत नसेल तर मोझिलात जन्मलेलं 'आरआर' हे टूल आहेच. ते सीसीटीव्हीसारखं प्रोग्रॅमचं रेकॉर्डिंग करतं. एकदा फेल्युअर पकडलं की तेच हवं तितक्या वेळा, अगदी उलटंही चालवून बघता येतं. २०१६मध्ये त्यात 'केऑस मोड' आला. तो कामांचा क्रम मुद्दाम विस्कटतो, म्हणजे लपलेला बग लवकर बाहेर येतो.

अर्ध्याऐवजी पाच सेकंद थांबवणं हा मात्र इलाज नव्हे, ती पेनकिलर. घड्याळाकडे नाही, उत्तर आलंय का याकडे बघायला टेस्टला शिकवा. आणि हो, दर वेळी दोष टेस्टचाच असतो असंही नाही. कधी कधी ती लहरी पोरगीच खरं बोलत असते. ऐकून तर घ्या!