मूर्तिजापूरच्या इंजिनात जगाचा इतिहास

मँचेस्टर येथे १९२१ साली तयार झालेले वाफेचे एक इंजिन १९२३ पासून मूर्तिजापूरच्या नॅरोगेज मार्गावर धावू लागले. वऱ्हाडाने लाडाने ‘शकुंतला’ म्हटलेली गाडी त्याने सुमारे सत्तर वर्षे ओढली. १५ एप्रिल १९९४ रोजी ते निवृत्त झाले आणि त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. इंग्लंडमधील एका औद्योगिक शहराचे यंत्र अकोला जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी का आले? या प्रश्नाचा माग काढताना तीन खंडांचा इतिहास उलगडत जातो.

वस्तूंच्या आधारे जगाचा इतिहास सांगण्याची पद्धत आता संग्रहालयांत रुळली आहे. ब्रिटिश म्युझियम आणि बीबीसी यांनी २०१० मध्ये शंभर वस्तूंमधून मानवजातीची कहाणी रेडिओवर सांगितली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही २०१७-१८ मध्ये ‘इंडिया अँड द वर्ल्ड’ या प्रदर्शनात भारत आणि जग यांचा इतिहास नऊ कथांमधून मांडला गेला. या पद्धतीचे मर्म साधे आहे. वस्तू कोणी घडवली, कोणासाठी घडवली आणि तिच्यामुळे कोणाचे जीवन बदलले, हे प्रश्न तिला विचारायचे. मूर्तिजापूरच्या इंजिनालाही हेच प्रश्न विचारता येतात.

अमेरिकेतील युद्ध, वऱ्हाडातील कापूस

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मँचेस्टर हे सुती कापडाच्या उद्योगाचे जागतिक केंद्र होते. तेथील गिरण्यांना लागणारा बहुतांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून, गुलामांच्या श्रमांतून येत असे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या. तरीही मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ च्या अखेरीस सभा घेऊन गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याला पाठिंबा दिला. अध्यक्ष लिंकन यांनी जानेवारी १८६३ मध्ये त्यांना आभाराचे पत्र पाठविले. मँचेस्टरमधील लिंकन यांचा पुतळा आजही त्या प्रसंगाची साक्ष देतो.

गिरणीमालकांची नजर मात्र भारताकडे वळली. निजामाने १८५३ च्या तहान्वये इंग्रजांच्या ताब्यात दिलेला वऱ्हाड काळ्या कसदार जमिनीमुळे कापसासाठी आधीच प्रसिद्ध होता. आता भाव अनेक पटींनी वाढले. मुंबईहून निघालेला जीआयपी रेल्वेचा मार्ग वऱ्हाडातून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. दरम्यान १८६५ मध्ये अमेरिकेतील युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईच्या सट्टेबाजारातील फुगाही फुटला. पण वऱ्हाडातील शेती पूर्वस्थितीवर आली नाही. कापसाचा पेरा वाढत गेला. ज्वारीवर जगणारा शेतकरी दूरदेशीच्या भावावर अवलंबून राहू लागला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत धान्य महागले, तेव्हा या अवलंबित्वाची किंमत त्याला मोजावी लागली.

गठाणींसाठी लोहमार्ग

मुख्य मार्गापासून दूर असलेल्या गावांचा कापूस बैलबंड्यांनीच आणावा लागे. ही उणीव भरून काढण्यासाठी मुंबईच्या किलिक-निक्सन या ब्रिटिश व्यापारी पेढीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन केली. अडीच फूट रुंदीच्या या रुळांनी मूर्तिजापूर एकीकडे अचलपूरशी आणि दुसरीकडे यवतमाळशी जोडले गेले. दोन्ही मार्ग मिळून लांबी सुमारे १९० किलोमीटर. एव्हाना गिऱ्हाईकही बदलले होते. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गिरण्यांना आणि जपानलाही जात होता. कापसाची बाजारपेठ बदलली, तरी इंजिन मात्र मँचेस्टरहूनच येत होते. भारतीय रेल्वेचा चित्तरंजन येथील इंजिन कारखाना सुरू झाला तो १९५० मध्ये.

मध्य रेल्वेची स्थापना १९५१ मध्ये झाली, तरी या लोहमार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. स्वतंत्र भारतातील हा एक विरळा प्रकार होता. पुढे रस्ते सुधारले, माल ट्रकने जाऊ लागला आणि शकुंतला गोरगरिबांची स्वस्त गाडी म्हणून उरली. गेल्या दशकाच्या अखेरीपर्यंत दोन्ही मार्गांवरील फेऱ्याही थांबल्या.

फलकावर काय लिहावे?

मँचेस्टरचे विज्ञान व उद्योग संग्रहालय ज्या जागी उभे आहे, तेथे १८३० चे रेल्वेस्थानक आहे. लिव्हरपूल बंदरात उतरलेला कापूस याच मार्गाने गिरण्यांकडे जाई. नागपुरातही मोतीबाग येथे नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय आहे. रेल्वेच्या जुन्या वस्तू जतन करण्याजोग्या आहेत, हे दोन्हीकडे मान्य झालेले आहे. प्रश्न आहे तो त्यांच्याशेजारी लावण्याच्या माहितीफलकाचा.

इंजिनावर कारखान्याचे नाव आणि साल कोरलेले असते. ज्यांच्या कापसासाठी ते सातासमुद्रापलीकडून आणले गेले, त्या शेतकऱ्यांचा आणि कापूस वेचणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख त्यावर नसतो. तो फलकावर करावा लागतो, आणि त्यासाठी ज्यांनी ही गाडी भरताना, धावताना पाहिली त्यांच्या आठवणी वेळीच नोंदवून ठेवाव्या लागतात. तेवढे झाले नाही, तर शकुंतलेचे रूळ आणि सिग्नल जुने लोखंड म्हणून मोडीत निघतील आणि वऱ्हाडाला मिसिसिपी व मँचेस्टरशी जोडणारा पुरावाही त्यांच्यासोबत जाईल.