मोटारसायकल बघायला तुम्हीही जा!

घरात जुनी मोटारसायकल घ्यायचं ठरलं की आपण बायका काय करतो? भिशीचे साठवलेले पैसे काढून देतो आणि गाडी दाराशी आली की हळदकुंकू लावून नारळ वाढवतो. मधलं सगळं 'ह्यांचं' काम! पण मैत्रिणींनो, मागे बसणार आपण, मुलं शाळेत जाणार त्याच गाडीवरून. मग बघायला आपण का जाऊ नये? भाजीवाल्याकडचं किडकं वांगं ओळखणारी आपली नजर इथेही चांगली उपयोगी पडते बरं का!

गाडी थंड हवी

शक्यतो सकाळी उजेडात जा आणि "आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका," असं मालकाला आधीच कळवा. गेल्यावर इंजिनाजवळ हात नेऊन बघा. ऊब लागली, तर गाडी आधीच सुरू करून ठेवली होती असं समजा. थंडपणी कुरकुरणारी गाडी तापल्यावर चटकन सुरू होते ना! सुरू झाल्यावर सायलेन्सरकडे लक्ष द्या. सुरुवातीला थोडी पांढरी वाफ चालते, पण निळसर धूर येतच राहिला, तर इंजिन ऑइल जाळतंय. हे काम खर्चाचं असतं.

हात लावून बघा

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका, तो मागे फिरवता येतो. आकडा कमी, पण ब्रेकच्या पायपट्टीचं रबर गुळगुळीत आणि हँडलच्या मुठी झिजलेल्या, असं असेल तर सावध व्हा. पुढच्या शॉकअब्सॉर्बरच्या चकचकीत नळ्यांवरून बोट फिरवा. तेल लागलं, तर सील गेलेलं आहे. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी दिसत असली, तरी रबराला भेगा नाहीत ना, तेही बघा.

पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून छान दिसू शकते. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ साली चिपळुणात पाणी कुठवर चढलं होतं, आठवतं ना? म्हणून सीट उचलून बॅटरी मारा. कोपऱ्यात वाळलेला गाळ, दिव्याच्या काचेआड चिखलाची रेघ, गंजलेले स्क्रू दिसले, तर सरळ घरी या.

आणि साडी गार्ड! तरुण मुलं 'शोभत नाही' म्हणून ते काढून टाकतात. पण मागे बसणाऱ्याला धरायला मूठ, पाय ठेवायला पट्टी आणि कपडे अडकू नयेत म्हणून निम्मं मागचं चाक झाकणारं संरक्षण हवंच, असं १९८९च्या मोटार वाहन नियमांतच आहे. साडीचा पदर, ओढणी चाकात गेली तर जिवावर बेततं. गार्ड नसेल, तर बसवून घ्यायचं आधी ठरवा, मगच पुढचं बोला.

शेवटी ह्यांना चालवू द्या आणि तुम्ही मागे बसून एक फेरी मारा. ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, खड्ड्यात खडखडते का, हे मागे बसणारीला नेमकं कळतं. ओळखीचा मिस्त्री बरोबर असला तर उत्तमच.

कागदाशिवाय विसार नको

आर.सी. बुकावरचे इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी एकेक आकडा जुळवा. हे वाचनाचं काम तुम्हीच करा. गाडीवर कर्जाची नोंद असेल, तर बँकेचा ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ हवा. नोंदणीची पंधरा वर्षं संपत आली असतील, तर फेरनोंदणीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. विमा आणि पी.यू.सी. चालू आहे ना, तेही बघा.

फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही समोर घ्या. "नाव नंतर बदलू, घरचीच माणसं आपण," असं कुणी म्हटलं, तरी ऐकू नका. घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा असतो. विमाही चौदा दिवसांत नावावर करून घ्यावा. नाहीतर अपघात झाल्यावर भरपाईची भांडणं आपल्या दाराशी येतात.

आणखी एक सांगू? पैसे तुमच्या साठवणीतले असतील, तर गाडी तुमच्या नावावर करायला काय हरकत आहे? लायसन्स चालवणाऱ्याला लागतं, मालकिणीला नाही!