ठासणीच्या बंदुकीत नवी दारू नको

१८२५ साली ब्रिटिश अधिकारी जेम्स आउट्रमनं धरणगावात भिल्ल पलटण उभी केली, तो काळ ठासणीच्या बंदुकांचा. आज त्याच जळगाव जिल्ह्यात, वरणगावच्या आयुध निर्माणीत, आधुनिक रायफलींची काडतुसं बनतात. मधल्या काळात दारूच बदलली. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. १८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्येयनं नायट्रोसेल्युलोजची धूरविरहित दारू केली. नळीतला दाब वाढेल तशी ती अधिकच वेगानं जळते आणि दाब कितीतरी वर चढवते. काळ्या दारूसाठी घडवलेली नळी तो झेलत नाही, फाटते. नवी दारू थोडीच भरली तर चालेल, हा समज जीवघेणा आहे! बाहेरून चकचकीत नळीलाही आत गंजाचे खड्डे असू शकतात. म्हणून आजोबांची बंदूक उडवण्याआधी परवाना हवा, जाणकार बंदूकसाजाकडून नळीची तपासणी हवी, आणि दारू काळीच.