फोटोला उभे राहणाऱ्यांचा मोबदला आणि त्याचा हिशेब

वाचकहो, येवल्याची पैठणी घ्या, सोलापूरची चादर घ्या किंवा कोल्हापुरी चप्पल घ्या. हा माल आता गावच्या बाजारापुरता राहिलेला नाही. गिऱ्हाईक दूर शहरात बसते, आधी छायाचित्र पाहते आणि मग माल मागवते. साहजिकच छायाचित्र चांगले हवे. पैठणी दोरीवर टांगून तिचा पदर खुलत नाही. ती कोणीतरी नेसून उभे राहावे लागते. अशा कामासाठी जी मंडळी येतात त्यांना आपण मॉडेल म्हणतो. ही मंडळी कोणाची कायमची नोकर नसतात. आज या संस्थेचे काम, उद्या त्या दुकानाचे. अशांना पैसे कसे द्यावेत आणि त्याची नोंद कशी ठेवावी, हे आज पाहू.

तुम्ही म्हणाल, ‘त्यात काय पाहायचे? काम झाले, पैसे दिले, मिटले!’ पण नाही, तेवढ्याने मिटत नाही. वर्षअखेर हिशेबनीस विचारतो, ‘हे तीस हजार कोणाला दिले? पावती कुठे आहे?’ पावती नसली की खरा झालेला खर्चही खोटा ठरतो. तिकडे त्या मुलीलाही आपण वर्षभरात काय मिळवले ते दाखवता येत नाही. म्हणजे नोंदीवाचून नुकसान होते ते दोघांचेही.

तेव्हा पहिली गोष्ट ही की, कामाआधी साधा करार लिहावा. त्याला वकील लागत नाही. काम कोणते, किती दिवसांचे, रोजचा मोबदला किती, येण्याजाण्याचा खर्च कोणाकडे आणि काढलेली छायाचित्रे कुठे व किती काळ वापरायची, एवढे लिहून दोघांनी सही करावी. छायाचित्रांच्या वापराची संमती तोंडी ठेवू नये. पुढे तंटा होतो तो बहुधा याच मुद्द्यावर.

दुसरी गोष्ट, पैसे शक्यतो बँकेतून द्यावेत. एका दिवशी एका व्यक्तीला १०,००० रुपयांहून अधिक रोख दिली, तर साधारणपणे तो खर्च धंद्याच्या हिशेबात धरला जात नाही. थोडी रक्कम रोख द्यावीच लागली, तर पावती घ्या. रोख रक्कम ५,००० रुपयांच्या वर असेल, तर पावतीवर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्या. ही रीत आपल्या ग्रामीण संस्थांना नवी नाही.

आता येऊ करकपातीकडे. हा भाग जरा सावकाश वाचा. मॉडेलचे मानधन सामान्यतः व्यावसायिक सेवेचा मोबदला म्हणून धरतात. एका आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात, एकाच व्यक्तीला असा मोबदला ५०,००० रुपयांहून अधिक होत असेल, तर देणाऱ्याने त्यातून १० टक्के कर कापून सरकारात भरायचा असतो. ही मर्यादा पूर्वी ३०,००० होती. १ एप्रिल २०२५ पासून ती ५०,००० झाली. १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा आला. कलमांचे क्रमांक बदलले, हा नियम मात्र तोच राहिला.

उदाहरण घेऊ. समजा, विणकरांच्या एका सहकारी संस्थेने दिवाळीआधी एका मुलीला तीन दिवस बोलावले आणि ३०,००० रुपये दिले. तेव्हा कर कापला नाही. फेब्रुवारीत लग्नसराईसाठी पुन्हा तीन दिवस, पुन्हा ३०,०००. एकूण झाले ६०,०००. आता कर कापायचा तो वरच्या दहा हजारांवर नव्हे, तर पुऱ्या साठ हजारांवर. म्हणजे ६,००० रुपये! ते सगळे दुसऱ्या वेळच्या रकमेतून गेले, की तिच्या हाती येतात २४,०००. बोली तीस हजारांची आणि हाती चोवीस! तिला वाटते, संस्थेने फसवले. संस्था म्हणते, कायदा आहे. दोघेही खरे, पण विश्वास मात्र गेला.

यावर उपाय सोपा आहे. वर्षातून दोनदा बोलवायचे हे आधीच ठाऊक असेल, तर पहिल्या वेळेपासूनच दर खेपेस ३,००० कापावेत. कायद्याचीही अपेक्षा तीच आहे. आणि हे करारातच लिहावे, म्हणजे ऐन वेळी कोणी चकित होणार नाही.

कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरावा. मार्चमधल्या कपातीला ३० एप्रिलपर्यंत मुदत असते. त्यासाठी संस्थेजवळ टॅन क्रमांक हवा आणि मॉडेलचा पॅन क्रमांक आधी मागून घ्यायला हवा. पॅन नसेल तर १० ऐवजी २० टक्के कपात होते. कर कापून भरला नाही, तर महिना दीड टक्का व्याज चढते. दर तिमाहीला विवरणपत्र द्यायचे आणि तिला कपातीचा दाखला द्यायचा.

हा दाखला म्हणजे नुसता कागद नव्हे बरे का! कापलेले पैसे तिच्याच नावावर सरकारात जमा असतात. वर्षाच्या उत्पन्नावर तिला कर लागत नसेल, तर विवरणपत्र भरून ते सहा हजार तिला परत मिळतात. पुष्कळांना हे ठाऊकच नसते आणि हक्काचे पैसे तसेच पडून राहतात. म्हणून मॉडेलनेही आपली वही ठेवावी: तारीख, कोणाचे काम, ठरलेली रक्कम, कपात, हाती आलेली रक्कम.

एकट्याने धंदा करणाऱ्या लहान दुकानदाराला मात्र थोडी सवलत आहे. मागील वर्षी त्याची उलाढाल एक कोटीच्या आत असेल, तर ही कपात त्याच्यावर बंधनकारक नाही. सहकारी संस्था, भागीदारी आणि कंपनी यांना ही सवलत नाही.

लहान मुलांची छायाचित्रे घ्यायची असतील, तर अधिक जपावे. चौदा वर्षांखालील मुलाकडून असे काम घेण्यास जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. काम दिवसाला पाच तासांहून अधिक नको आणि सलग तीन तासांहून अधिक नको. त्याच्या कमाईतले निदान २० टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत टाकावे लागतात. पालकांनी आणि शिक्षकांनी याची आठवण ठेवावी.

करार, पावत्या, बँकेचे उतारे आणि दाखले एका फायलीत वर्षवार लावून आठ वर्षे जपावेत. प्रवासखर्चाची बिले वेगळी ठेवावीत. ती मानधनात मिसळू नयेत. शंका आली तर सनदी लेखापालाला विचारावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. शेकडेवारी शिकवताना वरचे साठ हजारांचे उदाहरण फळ्यावर मांडा. आज वर्गात बसलेल्यांपैकी कोणी उद्या संस्थेचा हिशेब लिहील, कोणी फोटोला उभी राहील. दोघांनाही ते गणित आले, म्हणजे घामाचा पैसा ज्याचा त्याला पोचेल.